चिंचेनं घासलेलं पितळ

मित्रांनो, मी सोलापुरातल्या शिवप्पा डॉक्टरांची जुनी फटफटी आहे. माझा आवाज एवढा मोठा, की रस्त्यातली कोंबडी सैरावैरा पळतात. पण खरं सांगू? माझ्याइतकं भित्रं आमच्या पेठेत कुणी नसेल. भीती एकाच गोष्टीची, वाटेत बंद पडण्याची.

माझा जन्म विलायतेतला. बोटीनं मुंबईला आले, तिथून आगगाडीनं सोलापूरला. ते १९२८ साल होतं. डॉक्टरांनी मला एक माणूस बसेल अशी साइडकार जोडून घेतली आणि आम्ही खेडोपाडी हिंडू लागलो. माझ्या बैठकीखाली बॅटरी आहे. तिची वीज वायरींतून इंजिनाकडे जाते, तिथं ठिणगी पडते आणि मी चालते. त्या वायरींच्या टोकांना स्क्रूनं आवळलेल्या, नखाएवढ्या पितळी चकत्या आहेत. माझा सगळा जीव त्यांच्यात.

डॉक्टरांच्या बायकोचं, अक्कम्मांचं, माझ्यावर भारी प्रेम. पूजेची भांडी घासून झाली की उरलेली चिंच घेऊन त्या माझ्याकडे यायच्या. चकत्या चिंचेनं घासून ओल्या फडक्यानं पुसायच्या. काय लखलखायच्या हो! शेजारणी म्हणायच्या, "अक्कम्मा, तुमची फटफटी म्हंजे नवी नवरीच की!" मी फुगून जायची. पण चिंचेचं आंबट पाणी स्क्रूखाली मुरत होतं. मला ते कळत होतं. मधूनच ठिणगी चुकायची आणि काळजात धस्स व्हायचं. सांगायला मला तोंड कुठलं? आणि खोटं कशाला बोलू, कौतुकही सोडवत नव्हतं.

गेल्या भाद्रपदात सकाळी सीना नदीपलीकडच्या गावाहून सांगावा आला. अक्कम्मांची धाकटी बहीण शिवबाई अडली होती. कालपासून कळा चालू, मूल आडवं. अक्कम्मांचा चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टर पेटी भरत होते, तेवढ्यात त्या चिंच घेऊन आल्या आणि घाईघाईनं चकत्या घासू लागल्या. "माझ्या शिवबाईपर्यंत नीट पोचव गं बाई," मला म्हणाल्या. म्हातारी सुईण नागव्वा साइडकारमध्ये बसली आणि आम्ही निघालो.

नदीच्या उताराला पावलं बुडतील एवढंच पाणी होतं. निम्मं पात्र ओलांडलं आणि मी बंद पडले.

डॉक्टरांनी किक मारली. एकदा, दोनदा, दहादा. काही नाही. तेवढ्यात नागव्वा ओरडली, "अय्यो! डॉक्टर, पानी गढूळ झालं की! वर कुटंतरी लई पाऊस झालाय. लोंढा येतोय बगा!"

काटक्याकुटक्या वाहत येऊ लागल्या. माझी चाकं वाळूत रुतायला लागली. वाहून जायची भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त भीती शिवबाईची वाटत होती.

"गाडी सोडा आन् चला की चालत!"

"अजून तीन कोस आहे नागव्वा. चालत पोचून काय उपयोग?"

डॉक्टरांनी बॅटरीचं झाकण काढलं. चकत्या चमकत होत्या. "इथं तर सगळं लख्ख आहे," ते पुटपुटले आणि दुसरीकडेच शोधू लागले. मी आतल्या आत ओरडत होते, अहो, स्क्रूखाली बघा, खाली! इंजिनाला पाणी लागायला वीतभर उरलं, तेव्हा कुठं त्यांनी स्क्रू फिरवला. खाली हिरवागार गंज साचला होता.

"खरवडायला काही आहे?"

नागव्वानं कनवटीचा अडकित्ता काढला. "घ्या. सुपारी ऱ्हाऊ दे आता!"

त्याच्या धारेनं डॉक्टरांनी चकत्या खालच्या बाजूनं खरवडल्या, नागव्वानं पदराच्या कोरड्या टोकानं पुसल्या. स्क्रू आवळून वर पेटीतलं व्हॅसलीन फासलं. डॉक्टरांनी परत किक मारली. फट्... फट्फट्फट्! आम्ही काठ गाठला आणि मागं लोंढा धडधडत गेला.

शिवबाई वाचली. मूल वाचलं नाही. डॉक्टर घटकाभर आधी आले असते तर, असं तिची सासू दारात बसून म्हणाली. मी अंगणात उभी होते, मला ऐकू आलं.

घरी आल्यावर अक्कम्मांनी विचारलं, "एवढा उशीर कसा हो झाला?"

डॉक्टर खाली बघत म्हणाले, "नदीला पाणी होतं."

पुढच्या रविवारी ते स्वतःच माझे स्क्रू काढून बसले. अक्कम्मा चिंच घेऊन आल्या. "मी घासते की."

"नको. ओल सोसत नाही तिला."

अक्कम्मांनी वाकून पाहिलं. चकत्यांच्या खाली ओरखडे होते आणि कडेला थोडा हिरवा गंज राहिला होता. त्यांच्या हातातली चिंच खाली पडली.  त्या आत गेल्या, कोरडं फडकं घेऊन आल्या आणि डॉक्टरांशेजारी बसल्या. तेव्हापासून दर रविवारी त्या माझा एकेक स्क्रू उघडून बघतात. 

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर नुसतं वरून चमकवू नका. उघडून बघा, खरवडा, कोरडं करा. आमचं दुखणं आम्हांला सांगता येत नाही. तुम्हांला कळतं, तेव्हा आपण नदीच्या मधोमध असतो.