मुलीकडच्या का मुलाकडच्या

“मामा दारात नसंल, तर मी स्टेजवर चढणार नाय,” लग्नाची पांढरी साडी नेसता नेसता विशाखाने आईला ठणकावले.

एरवी पोरीचा हट्ट गीताबाईने एका नजरेत मोडला असता, पण आज लग्न पोरीचेच होते.

मामा म्हणजे गीताबाईचा धाकटा भाऊ, इंद्रजीत. त्याला जन्मापासून डाउन सिंड्रोम. वयाने पंचेचाळिशी गाठलेली, उंचीने अजून शाळकरी आणि रुबाब मात्र कलेक्टरचा. वस्तीतल्या कुठल्याही लग्नात दारात अत्तर लावायचे काम त्याचे. ते त्याला कुणी दिले नव्हते. त्यानेच घेतले आणि काढून घ्यायची कुणाची छाती झाली नाही. इस्त्रीचा सदरा घालून उभा राहायचा, पाहुण्याचे मनगट धरायचा आणि विचारायचा, “मुलीकडचे का मुलाकडचे?” उत्तर काहीही येवो, खूश होऊन म्हणायचा, “लई भारी. बसा.” वस्तीतल्यांना मात्र तो विचारत नसे. सगळ्यांची नावे त्याला तोंडपाठ होती.

गेल्या वर्षापासून ती नावे गळायला लागली. चपला उलट्या घालायचा, जेवून उठला की पुन्हा ताट मागायचा. घाटी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावले, “यांच्या मेंदूला म्हातारपण लवकर येतं, बाई. जे आवडतं ते करू द्या.” करू द्या म्हणणे सोपे होते. मुलाकडचे गंगापूरचे पाहुणे हसले आणि हा बावरला तर? भर मांडवात भावाचे हसे झालेले तिला बघवले नसते.

“हसू दे की मम्मी. लग्नात नाय हसायचं तर कुठं?” विशाखा म्हणाली.

तर इंद्रजीत दारात उभा राहिला. सिटी चौकातल्या रहीमभाईंकडची गुलाबाच्या अत्तराची कुपी, कापसाचा बोळा आणि तोंडावर हे एवढे हसू.

सुरुवात झकास झाली. मग शेजारचा साहेबराव बाहेरून हात धुऊन आला आणि इंद्रजीतने त्याला दुसऱ्यांदा अडवले. “मुलीकडचे का मुलाकडचे?” रोज सकाळी ज्याच्या ओट्यावर बसून चहा प्यायचा, त्यालाच. साहेबरावाने ओला हात पुसून पुढे केला. “मुलीकडचा.”

“लई भारी. बसा.”

पुढची पाळी नवरदेवाचे चुलते काकासाहेब यांची. ताठ मिशा, ताठ मान, गंगापूरकडची वजनदार असामी. हॉलमध्ये फोनला रेंज नव्हती, म्हणून ते सारखे आतबाहेर करत होते. पहिल्यांदा अत्तर लागले. दुसऱ्यांदा लागले. तिसऱ्यांदा इंद्रजीतने मनगट पकडले तसे ते थबकले. गीताबाई खुर्च्यांमधून वाट काढत धावली. माफी ओठांवर तयारच होती.

“मुलीकडचे का मुलाकडचे?”

काकासाहेबांनी त्याला नीट न्याहाळले आणि दुसरा हात पुढे केला. “मुलाकडचे. हा हात राहिला व्हता, मामा.”

“लई भारी.”

झाले. काकासाहेबांनी हात पुढे केल्यावर गंगापूरकर मागे राहतात होय? दारात ही रांग लागली. एकदा मुलीकडचा म्हणून आत गेलेला मागच्या दाराने फिरून मुलाकडचा होऊन येऊ लागला. म्हाताऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि सगळ्यांत मोठ्याने हसत होता इंद्रजीत. एवढे पाहुणे त्याने जन्मात पाहिले नव्हते. स्टेजवरून विशाखा आईला खुणावत होती, बघ म्हणून. गीताबाईलाही हसू आवरेना. कुपी केव्हाच संपली होती. तो कोरडाच बोळा फिरवत होता आणि लोक मनगट हुंगून “वा, वा” म्हणत होते.

लग्न लावायची, मंगलगाथेची वेळ झाली. मुठीमुठींत फुले वाटली गेली. गीताबाई भावाला आत न्यायला दाराशी गेली.

“चल राजा, आपली विशाखा वाट बघती.”

इंद्रजीतने तिचे मनगट धरले. पाहुण्याकडे बघावे तसे अदबीने तिच्याकडे बघितले.

“मुलीकडच्या का मुलाकडच्या?”

हा प्रश्न त्याने तिला आयुष्यात कधी विचारला नव्हता. हॉल हसत होता, आणि त्याच्या तोंडावरचे हसूही तसेच होते. ते मोडायची तिला इच्छा होईना.

“इंद्रजीतकडची,” ती म्हणाली.

असे उत्तर त्याला आजवर कुणी दिले नव्हते. त्याने विचार केला. मग चेहरा उजळला, आणि कोरडा बोळा त्याने तिच्या मनगटावर चांगला दाबून फिरवला.

“मंग पुढं बसा.”

सकाळपासून गीताबाई कुठे टेकलीसुद्धा नव्हती. ती गेली आणि पहिल्या रांगेत बसली.