मध्यंतरातली घोषणा

"जमिनीच्या कुजलेल्या फळीवर प्लायवूड ठोका, वरून व्हिनाइल चिकटवा. खालचं कोण बघतंय?" नाकाला रुमाल लावून मालक अरुण केबिनच्या दारातच उभा होता.

महादूने फळीत पटाशी घातली. ती ओल्या पावात जावी तशी आत गेली आणि उंदरांच्या मुताचा भपकारा आला. दुबईतल्या अल क्वोजच्या या आवारात तो एकोणीस वर्षं लोखंडी केबिनी दुरुस्त करत होता. बांधकामाच्या साइटवरून परत आलेल्या सोळा केबिनींत मालकाने भाडेकरू कोंबले होते, एकेकीत सहा-सहा. त्यातल्याच एका कोपऱ्यात महादूची वळकटी.

"विकायची म्हणून एवढी घाई का, साहेब?"

"राहतायत त्यांनाच विकायच्यात. एकेक सहा हजार दिरहम, म्हणजे दीड लाख रुपयांच्या आसपास. सहा जणांत किती पडतात? भाड्याची कटकट खलास! रविवारच्या तुमच्या कीर्तनात मध्यंतराला मीच सांगतो. तुम्ही नुसतं उभं राहायचं. आणि दारावरचा तो लाल स्टिकर खरवडून टाका."

महादूने स्टिकर खरवडला, पण फेकला नाही. संध्याकाळी तो सरकारी अर्ज टाइप करून देणाऱ्या टायपिंग सेंटरवर रफिककडे घेऊन गेला. रत्नागिरीचा रफिक अरबी कागद वाचून त्याचा अर्थ सांगे.

"पालिकेची नोटीस हाय, महादूभाऊ. जागा गोदामाची, हितं मानसानं ऱ्हायचंच नाय. महिनाअखेर केबिनी उचला म्हनतात. नि तुमच्या कंपनीचं लायसन मीच टाइप केलंय. दुरुस्ती नि भाडं, एवढंच. विकायची परवानगी नाय त्यात."

"मग विकत घेईल त्याच्या हातात काय उरेल?"

"लोखंडी खोका. ठेवायला जागा नाय, नि उचलायच्या क्रेनचं बिल त्याच्याच डोक्यावर. मालक हुशार हाय तुमचा!" रफिकने जमिनीवर थुंकल्यासारखं केलं.

महादू परतला आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने व्हिनाइल चिकटवू लागला. व्हिसा मालकाच्या हातात होता. रोज संध्याकाळी तो साबणाने हात कोपरापर्यंत धुई, तरी त्या ओल्या फळीचा वास बोटांतून जाईना.

रविवारी चारला मोठ्या केबिनमध्ये सतरंज्या पडल्या. गावच्या हरदासबुवांकडून उचललेलं कीर्तन महादू इथे दर महिन्याला करी. पूर्वरंगात निरूपण. मग मध्यंतरात त्याला हार-बुक्का, आणि तेव्हाच कुणाची अडचण असेल तर ती सर्वांना सांगायची. गेल्या साली एकाची आई अत्यवस्थ आहे असं तिथे सांगितलं, तर कागद न मागता तासाभरात तिकिटाचे पैसे जमले होते. देवासमोर, बुवांच्या शेजारी उभं राहून कोण खोटं बोलेल?

पूर्वरंग संपला. अरुण पुढे आला. त्याच्या अंगावर अत्तराचा असा घमघमाट होता की समईचं तेलही त्यात बुडालं. त्याने महादूच्या कपाळाला बुक्का लावला, गळ्यात हार घातला, आणि खांद्यावर हात तसाच ठेवून म्हणाला, "मंडळी, आनंदाची बातमी. ज्या केबिनमध्ये राहता ती आता तुमची होणार!"

लोक टाळ्या वाजवू लागले. मराठवाड्याकडचा प्लंबर रामेश्वर पाकीट घेऊन उठला. "आमच्या खोलीचे सहा हजार घ्या, साहेब. पावती नंतर द्या. बुवा शेजारी उभे हायेत, मंग कागद कशाला?"

महादूला अरुणची किळस तर होतीच, पण त्याहून जास्त किळस त्या गप्प उभ्या बुवाची, स्वतःचीच, आली.

"रामेश्वर, पाकीट खिशात घाल." खांद्यावरचा हात त्याने झटकला. "ही जागा राहायची नाही. पालिकेची नोटीस आलीय, महिनाअखेर सगळं उचलायचंय. विकायचं लायसनही यांच्याकडे नाही. आणि तुझ्या खोलीची जमीन सडलीय. तिच्यावर व्हिनाइल मीच चिकटवलंय."

अरुण हसायला गेला, जमलं नाही. "बुवा, देवासमोर राजकारण नको." मग कानाशी येऊन म्हणाला, "उद्या पासपोर्ट घेऊन या. व्हिसा कॅन्सल." तो निघून गेला.

कुणी जयजयकार केला नाही.

"मंग आमी झोपायचं कुठं?" एकजण ओरडला.

"तुमाला कधीपासून ठावं व्हतं, बुवा?" रामेश्वरने विचारलं.

"मंगळवारपासून."

"आन् आज सांगताय?"

एकेक जण उठला. तबलजीही डग्गा काखेत मारून सामान बांधायला गेला. रामेश्वर मात्र पाकीट मुठीत धरून, तोंड फिरवून, तिथेच बसून राहिला.

कीर्तन अर्धं टाकायचं नसतं. महादूने चिपळ्या उचलल्या आणि उत्तररंगाचं आख्यान सुरू केलं. बाहेर पत्र्याच्या पेट्या फरफटत होत्या. त्या खरखराटात शब्द ऐकू जाईनात, म्हणून त्याने आवाज वरच्या पट्टीत नेला.