साठातल्या नऊ सुऱ्या

सासूबाईंनी खुंटीवरचा एप्रन गळ्यात अडकवला, खिशाला हात लावला आणि बोट चिकटलं. काल दुपारी तिथे गोंदाचा थेंब पडला होता. एव्हाना तो नखाखाली दगडासारखा लागायला हवा होता. त्यांनी अंगठा दाबून पाहिला, तर थेंबावर ठसा उमटला. सासूबाई तिथल्याच स्टुलावर बसल्या.

सुऱ्यांच्या त्या लहानशा कारखान्यात मुठी बसवायचं टेबल सासू-सुनेचं होतं. पूर्वी तिथे सासूबाई एकट्याच बसत. डब्याच्या झाकणावर रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर निम्मंनिम्मं घ्यायचं, काडीनं घोटायचं, लाकडी मुठीच्या भोकात भरायचं आणि पात्याची शेपूट आत दाबायची. झाकण असं निपटून काढत की धुवायला नको. थेंब वाया गेला तर बाईंना जेवण गोड लागत नसे. मग मशीन आलं. दोन टाक्या, दोन नळ्या, पुढे एक नोझल. पेडल दाबलं की दोन्ही मिसळून मापात बाहेर. ते सून शिकली, आणि सासूबाई त्या दिवसापासून मशीनला 'तुझं लाडकं' म्हणू लागल्या.

या लाडक्याचा एक नखरा होता. टाकी तळाला गेली की नळीत हवा शिरायची. टाकी पुन्हा भरल्यावर दहा वेळा पेडल मारून येईल ते फेकून द्यायचं, तेव्हा कुठे दोन्ही सारखे येत. नाहीतर दिसायला गोंद तोच, पण हार्डनर कमी. असा गोंद जन्मात घट्ट होत नाही.

काल सून तासभर मुलीच्या शाळेत गेली आणि नेमकी टाकी तळाला आली. सासूबाईंनी भरली. ज्याचं त्याच्या टाकीत, अगदी बिनचूक. पण दहा वेळा गोंद कचऱ्यात घालायचा? त्यांचा हात धजला नाही. दोनदा सोडला आणि तिसऱ्या पेडलपासून मुठी भरायला घेतल्या. नऊ मुठी झाल्यावर आठवलं, की भरल्याभरल्या पुठ्ठ्यावर एक थेंब ठेवायचा असतो, दुसऱ्या दिवशी नखानं तपासायला. तो त्यांनी तेव्हा ठेवला. तोवर गोंद ठीक येऊ लागला होता; एप्रनवरचा थेंब मात्र त्याआधीचा होता.

"दहा सोडलेत ना, आई?" सुनेनं आल्याआल्या विचारलं होतं.

"सोडले. इतकी वर्षं मी इथे माश्या मारत बसले होते का?"

आता त्या रॅकवरच्या सुऱ्या एकेक करून ओढून पाहू लागल्या. साठ सुऱ्या, सगळ्या एका छापाच्या, पुसताना एकमेकींत मिसळलेल्या. भोकं घट्ट होती, हातानं ओढून काय कळणार? कळेल ते पुढे कधीतरी, कुणीतरी ओल्या हातानं मासळी चिरताना जोर देईल आणि मूठ हातात राहून पातं फिरेल, तेव्हा.

सांगून टाकावं, असं त्यांना वाटलं नाही असं नाही. पण गेल्याच महिन्यात सुनेच्या हातून एक लॉट बिघडून परत आला होता. मालक सगळ्यांदेखत तिला म्हणाला होता, "पुन्हा एक जरी मूठ हलली, तरी मशीन दुसऱ्याकडे आणि तू घरी." घरात कमावते हात चारच, दोन सासूचे आणि दोन सुनेचे. त्यातले दोन घरी बसवायचे? शिवाय खरं सांगायचं तर नाकही होतंच. सुनेसमोर खाली जायला ते तयार नव्हतं.

नऊ वाजता मालक आला. पुठ्ठ्यावरचा थेंब त्यानं नखानं दाबला. थेंब कडक होता. मग न बघता पाच सुऱ्या उचलल्या, एकेकीची मूठ शिकंज्यात आवळली, पात्याला चामडं गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी ओढलं. पहिली हलली नाही. दुसरीही नाही. पाचवीला त्यानं पाय रोवून झटका दिला, तेव्हा सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

"पक्क्या आहेत," मालक म्हणाला. "भरा खोकी."

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला, पण भांडं काही स्थिर नव्हतं. साठात नऊच, त्या स्वतःला सांगत होत्या. आणि नऊतल्या सगळ्याच काही निसटणार नाहीत. बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला.

"थांब, तुझी राहिली," मालक सुनेला म्हणाला. कारखान्याचा हा जुना शिरस्ता होता. जो गोंद भरतो, त्यानं त्या लॉटमधली एक सुरी घरी न्यायची आणि महिनाभर स्वतः वापरायची. सुनेनं खोक्यात हात घातला आणि मिळाली ती उचलली.

"हलकी आहे," ती खूश होऊन म्हणाली. "पोरीच्या हातात देते. किती दिवस मागे लागलीय, मला चिरू दे, मला चिरू दे."

"ती नको," सासूबाई म्हणाल्या.

सुनेनं हसून सुरी ठेवली आणि दुसरी घेतली.

"तीही नको."

मालक वळला. सासूबाई त्याला म्हणाल्या, "मी काल दहा नाही, दोनच सोडले. पुढच्या नऊ मुठी कच्च्या आहेत. कुठल्या ते मलाही माहीत नाही."

सून सुरीकडे नाही, सासूकडे पाहत राहिली. "म्हणजे ही आपल्या घरी निघाली म्हणून तुम्ही बोललात," ती हळू आवाजात म्हणाली. "टेम्पोत गेली असती, तर बोलला नसतात."

सासूबाईंनी मान खाली घातली. खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं.

"मशीन कुणाकडे आहे?" मालकानं विचारलं.

सासूबाई तोंड उघडणार, तोच सून म्हणाली, "माझ्याकडे."

"मग ठरलंय ते तुला माहीत आहे. आधी हे निस्तर."

खोकी परत आत आली. सून शिकंज्याशी उभी राहिली, सासूबाई मोजू लागल्या. ओढलेल्या नवव्या सुरीचं पातं चामड्यासकट निसटलं आणि सून मागे धडपडली. सासूबाई धावल्या, पण तिनं हात पुढे करून त्यांना लांबच थांबवलं आणि पुढची सुरी आवळली. दुपारपर्यंत साठही ओढून झाल्या. पाती निसटली आठ.

"नऊ होत्या ना?" सुनेनं विचारलं. "नक्की?"

पंचवीस वर्षांत या टेबलावर सासूबाईंनी जे कधी म्हटलं नव्हतं, ते म्हटलं. "नक्की नाही गं."

सुनेनं उरलेल्या बावन्न सुऱ्या टेबलाखाली ओढल्या आणि मालकाला हाक मारली. "यातली एकही जाणार नाही," ती म्हणाली. सकाळीच कामावरून काढलेल्या बाईचं ते बोलणं मालकानं मुकाट्यानं ऐकून घेतलं, आणि सासूबाईंना तिच्याकडे पाहवेना.