पितरांच्या वहीतलं नाव

सारोमने ट्रकमधल्या वाशाचं एक टोक खांद्यावर घेतलं आणि दुसरं भाऊ उचलेल म्हणून थांबली. फेन जागचा हलला नाही.

“इथे अंगणात नको, ताई. वाळवी आहे. विहाराच्या आवारात ठेवू सगळं.”

“बहीण बारा वर्षांनी आली आणि तिला वाळवीची भीती घालतोस होय रे?” ट्रकवाला म्हणाला.

फेन हसला, पण ट्रक वळवायला लावलाच.

सारोमने मनाची समजूत घातली. थायलंडच्या हद्दीतल्या छावणीत मदतवाल्यांनी परतणाऱ्यांना निवड करायला सांगितली होती: जमीन, नाहीतर घराचं लाकूड. दोन्ही मिळणार नव्हतं, आणि एकदा अंगठा दिला की बदल नव्हता. लोक जमिनीवर तुटून पडले. हिने लाकूड मागितलं. इकडे गावात, बट्टंबांग शहराजवळ, आईचं शेत होतं, अर्धं तिचं, अर्धं फेनचं. घरची जमीन असताना दुसरी कशाला मागायची?

तीन दिवस झाले, पण शेताचा विषय काढला की फेनला नेमकी गुरं आठवायची.

चौथ्या दिवशी पितरांचा पंधरवडा संपत होता. सारा गाव सकाळीच भाताचे डबे घेऊन विहारात जमला. आपापली गेलेली माणसं प्रत्येक घराने वहीत लिहायची, आणि कारभारी काकांनी ती भिक्खूंपुढे वाचायची, म्हणजे भात त्यांना पोचतो.

“तुझ्या नावाने आम्ही किती जेवलोय गं,” शेजारची म्हातारी ओन मावशी सारोमच्या कानाशी लागली. “आता परत घ्यायला आलीस की काय?”

सारोमला थट्टा कळली नाही. मग काकांनी फेनच्या घरचं पान उघडलं. आईचं नाव झालं, बापाचं झालं आणि पाठोपाठ तिचं स्वतःचं आलं. काका चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिले. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

“सरहद्दीपलीकडे बहीण आहे म्हटलं असतं तर शिपायांनी मला उचलून नेलं असतं, ताई,” फेन हळूच म्हणाला. “तुझं एकही पत्र आलं नाही. मेलीसच असं धरून चाललो.”

ते दिवस सारोमने पाहिले होते. तिला वाईट वाटलं ते त्याच्यासाठीच. एवढी भीती बिचाऱ्याने एकट्याने काढली. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

काकांनी घसा साफ केला आणि पुढची ओळ वाचली.

“कोलाप, सारोमची मुलगी.”

नऊ वर्षांची कोलाप आईला टेकून बसली होती. ती छावणीत जन्मली. चार दिवसांपूर्वीपर्यंत या गावातल्या कोणी तिला पाहिलं नव्हतं. तिचं नाव फक्त सारोमने पत्रात कळवलं होतं.

सारोमने भावाच्या पाठीवरचा हात काढून घेतला.

“म्हणजे पत्र मिळालं होतं तुला.”

फेन चटईची दशी ओढत राहिला.

“जमिनी वाटल्या तेव्हा गावच्या समितीने विचारलं,” तो पुटपुटला. “बहिणीचा अर्धा वाटा घ्यायला तिच्या मागे कोणी आहे का म्हणून.”

“आणि तू माझी लेक मारलीस.”

लहानपणी याच भावाला तिने कडेवर घेऊन पूर ओलांडला होता.

काका वही घेऊन जवळ आले.

“ज्याने लिहिलं त्यानेच खोडायचं, अशी रीत आहे,” म्हणत त्यांनी पेन्सिल फेनपुढे ठेवली.

फेनने डोळे मिटले आणि भिक्खूंच्या दिशेने हात जोडले.

सारोमने पेन्सिल उचलली आणि कोलापच्या हातात दिली.

“शाळेत शिकलीस ना? तुझं नाव शोध आणि खोड.”

कोलापने बोट फिरवत नाव शोधलं आणि इतक्या जोरात खोडलं की कागद जरा फाटला. मग तिची पेन्सिल वरच्या ओळीवर गेली.

“आणि तुझं, आई?”

“माझं राहू दे,” सारोम भावाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. “मेलेल्या बाईच्या शेताला वारस लागतो.”