तीन गाड्यांचा एक तळ

"तिरकी करून बघा," बायको पुढच्या सीटवरून म्हणाली.

"तिरकीच केलीये!" डिकीत निम्मे वाकलेले पंच करवादले. चाकांची खुर्ची घडी घालूनही वर उरत होती आणि झाकण काही केल्या लागेना. मागची सीट आडवी होत नव्हती. मान टेकायला उंच पाठ असलेली ती खुर्ची मागच्या दारातूनही शिरत नव्हती. सगळं करून झालं होतं.

आणि गाडी कुणा ऐऱ्यागैऱ्याची नव्हती हो, त्यांनीच घडवलेली होती! कंपनीने तीन मध्यम आकाराच्या आलिशान गाड्यांना खालून एकच तळ, म्हणजे चाकं-इंजिन बसवायचा एकच सांगाडा, द्यायचं ठरवलं होतं. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. एका गाडीला जागा वाढवून दिली की दुसरीची घटायची, म्हणून तिन्ही गाड्यांच्या लोकांची भांडणं सोडवायला यांना बसवलं. 'पंच' हे नाव तिथलंच. थोरल्या गाडीला मागचा आस, म्हणजे दोन चाकं जोडणारा दांडा, जाड हवा होता. आस जाड म्हणजे डिकीचा तळ वर, आणि तोही तिन्ही गाड्यांत. धाकट्या गाडीवाल्यांनी आकाशपाताळ एक केलं. पंच म्हणाले, "अहो, दोन बॅगा गेल्या की झालं! आणखी काय न्यायचंय माणसाला?" सगळे हसले आणि डिकीचा तळ वर गेला.

त्या वर्षांत बायकोने कुठे जायचं म्हटलं, की यांचं उत्तर ठरलेलं, "ही गाडी एकदा रस्त्यावर येऊ दे, मग आपण दोघंच भटकू." गाडी रस्त्यावर आली, तर पाठोपाठ दुसरी आली, मग तिसरी. निवृत्त झाल्यावर पंचांनी हौसेने धाकटी गाडी नोंदवली, आणि ती दारात यायच्या आतच बायकोचं अर्धं अंग लुळं पडलं. आज दोघं पहिल्यांदा निघाली होती, तिच्या थोरल्या बहिणीकडे.

"काका, माझ्या गाडीत टाकू या की," शेजारची शिक्षिका म्हणाली. "मी तिकडेच निघालेय आईकडे. संध्याकाळी परत आणून सोडते."

तिची गाडी एवढीशी, पण मागची सीट पाडली आणि खुर्ची सुळकन आत गेली. आता जागा उरली दोघांचीच.

"काकू बसतील माझ्याशेजारी. पण तुम्ही..." ती अडखळली.

"मी येतो ना मागून."

पंचांनी बायकोला अलगद उचललं. तिचा धड असलेला हात त्यांच्या गळ्यात होता.

"इतकं मनाला लावून घेऊ नका हो," ती कानाशी पुटपुटली.

"चुकलोच गं मी."

"गाडीत?"

"गाडीतही," पंच म्हणाले. तिने त्यांच्या शर्टाची कॉलर सरळ केली.

वाटेत पुढच्या गाडीत दोघींच्या गप्पा रंगलेल्या मागून दिसत होत्या. बायको मान मागे टाकून हसत होती. असं हसताना पंचांनी तिला कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांची गाडी चढावर मुळीच कुरकुरत नव्हती, वेग मागत होती, पण ते तिला दाबून धरून त्या टिचभर गाडीमागे हळूहळू चालवत होते.

फोन वाजला.

"अहो, आहात ना मागे?"

"आहे, आहे."

"काही नाही, सहज विचारलं," म्हणून तिने फोन ठेवला. पंच मात्र शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत आणखी थोडा वेळ "आहे, आहे" म्हणत राहिले.