खंडेनवमीचा गिअरबॉक्स

आकारामच्या जीपनं कधी मागं पाऊल टाकलं नाही, ही गोष्ट पेठ वडगावात पोरासोरांनाही ठाऊक. वडगाव-कोल्हापूर वडाप करणारा, म्हणजे जीपमध्ये प्रवासी भरून नेणारा हा गडी. गाडी वळवायची वेळ आली की प्रवाशांना खाली उतरवायचा आणि हातानं मागं ढकलायला लावायचा. कुणी विचारलं, तर म्हणायचा की मर्दाची गाडी मागं जात नसते. थांबला की लगेच इंजिन बंद. डिझेल काय फुकट येतंय, असा वर सवाल. आम्ही याला शिस्त समजत होतो.

या आकारामची पूर्णिमा आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गुंडू मिस्त्रीचा ऋतुराज यांचं जमलं होतं. दोन्ही घरांना पसंत. दसऱ्याला वडगावात सुपारी फुटायची होती. आणि नेमकं त्याच आठवड्यात आकारामनं जीप गुंडूच्या गॅरेजात टाकली, क्लचप्लेट बदलायला. त्या जीपच्या क्लचप्लेटा बाकी लोकांच्या चपलांपेक्षा लवकर झिजायच्या. शेजारीच मुरगूडच्या हंबीररावाची जीप उभी होती, त्याच सालातली, त्याच रंगाची.

दोन्ही गाड्या एकाच दिवशी बाहेर पडल्या, आणि महामार्गावर हंबीरराव आकारामच्या पुढं निघून गेला. नुसता गेला नाही, हात करून गेला.

झालं. खंडेनवमीच्या सकाळी आकाराम गॅरेजात हजर. गुंडूनं माझा चांगला गिअरबॉक्स काढून मुरगूडकराला बसवला आणि त्याचा भंगार माझ्या गळ्यात मारला, असं तो साऱ्या उद्यमनगराला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगत होता. चोराच्या घरात पोरगी देणार नाही, सुपारी रद्द. पूर्णिमा त्याच्या मागंच उभी होती. तिचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. ऋतुराज तर लेथच्या आडच गेला.

गुंडूनं गिअरबॉक्स उघडून दाखवला असता, पण दिवस खंडेनवमीचा. सगळे पाने, हातोड्या, जॅक पाटावर मांडलेले, हळदकुंकू वाहिलेले, वर झेंडू. पूजेतला पाना दसऱ्याच्या आधी उचलायचा नाही. त्याच्या बापानं उचलला नव्हता, तो उचलणार नव्हता.

"पावणं, उद्या उघडतो की."

"उद्यापतूर बदलून ठेवशील. आजच काय ते कळू दे."

तेव्हा पूर्णिमा पुढं आली. ती शिरोलीला गिअर कापायच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. म्हणाली, पान्याची गरजच नाही. इंजिन किती फिरतंय आणि गाडी किती पळतीय एवढं कळलं, की आत कुठला दाता कुठल्या दात्याला लागलाय ते बाहेर बसून सांगता येतं. आपल्या गाडीचे आकडे ठरलेले आहेत: पहिला चार, दुसरा अडीच, तिसरा दीड, चौथा सरळ एक. म्हणजे चौथ्यात इंजिनाचा एक फेरा, तर मागच्या चाकांकडं जाणाऱ्या दांड्याचाही एक. आकडे जुळले नाहीत, तर गिअरची पेटी परकी.

मोजायची टेपही पूजेत होती. मग चाकाला खडूची खूण करून गाडी ढकलली, एका फेऱ्याची लांबी झेंडूच्या दोऱ्यानं घेतली आणि दोरा गॅरेजच्या फूटभर फरशांवर मोजला. सव्वादोन मीटरला थोडा कमी. मोबाइललाही सकाळी कुंकू लागलं होतं, पण मोबाइल दिवसभर बंद ठेवा म्हणणारा देव अजून कोल्हापुरात यायचाय. एक मोबाइल इंजिनाच्या आवाजावरून फेरे मोजणार, दुसरा रस्त्यावरचा वेग सांगणार.

आकाराम चालवायला, पूर्णिमा शेजारी, गुंडू आणि त्याचा शेजारी म्हणून मी मागं. तिनं प्रत्येक गिअर वेगळ्या वेगाला धरायला लावला. आकाराम गिअरची दांडी अशी झोकात टाकायचा की बघत राहावं. परत येऊन गाडी गॅरेजच्या दारात लागली, इंजिन सुरूच ठेवायला तिनं सांगितलं, आकाराम क्लच दाबून बसला, आणि ती हिशोब करू लागली. फेरे गुणिले चाकाची लांबी, त्याला वेगानं भाग, परत मागच्या धुऱ्यातल्या दात्यांच्या ठरलेल्या आकड्यानं भाग.

चौथा आला दीड. आकारामनं मांडीवर थाप मारली; सापडला चोर, म्हणाला. गुंडूच्या तोंडचं पाणी पळालं.

तिसरा, दीड. पूर्णिमानं मान वर केली. दुसरा काढला. दीड. पहिला काढला. परत काढला. मीही वाकून बघितलं. दीड.

"आबा," ती फार हळू म्हणाली, "गाडी मागं घ्या."

"आपली गाडी मागं जात न्हाय."

"एकदा घ्या."

सगळं उद्यमनगर बघत होतं. आकारामनं दात खाऊन दांडी रिव्हर्सला टाकली, मान मागं वळवली आणि क्लच सोडला. जीप सरळ पुढं गेली आणि समोर बसलेल्या झेंडूवालीच्या ढिगात घुसून बंद पडली.

शेजारच्या टपरीवाल्याचा चहा पेल्याबाहेर सांडत राहिला. आकाराम मान मागंच वळवून बसला होता, बॉनेटवर झेंडू घेऊन. इतकी वर्षं लग्नाची भाडी घेऊन चंदगडचे घाट त्यानं दुसऱ्यात चढवले, तिसऱ्यात उतरवले, आणि दांडी खाली कशालाच लागत नव्हती.

"क्लचप्लेटा," गुंडू पुटपुटला. "तिसऱ्यात गाडी उचलल्यावर त्या टिकतील कशा?"

दसऱ्याला पाने पाटावरून उठले आणि गुंडूनं वरचं झाकण काढलं. दांडीचं खालचं टोक कधीकाळी मोडून पडलेलं, गाडी तिसऱ्यात अडकलेली. बाकीचे दाते मात्र आरशासारखे, कारखान्यातून निघाले तसे. आकारामनं आत वाकून बघितलं. मग ताठ झाला.

"बगा. एवढी वर्षं चालवली, पण दात्याला ओरखडा न्हाय. ह्येला म्हणायचं गाडी वापरणं."

गुंडूनं टोक जोडून दिलं. आकारामनं त्याच्या हातात आपट्याचं सोनं ठेवलं, गळाभेट घेतली, नवऱ्याकडच्या मंडळींना मागं बसवलं आणि रिव्हर्स टाकला. उद्यमनगर ते पेठ वडगाव, सगळा रस्ता. पूर्णिमा त्याच्या शेजारी मोबाइल धरून रिव्हर्सचा आकडा काढत होती. सुपारीला मागच्या बाकावरचे आम्ही पावणे वडगावात आधी पोचलो, गाडीचा मालक आमच्या मागनं आला.