आईच्या नावाची शिक्षा

"आवाज! तोंडात खजूर धरलाय का सगळ्यांनी?" मी ओरडलो.

अकरावा पास हवेत होता. आमचा बास्केटबॉलचा सराव तसा साधा होता. पाच पोरं, अर्धं मैदान, वीस पास. बॉल जमिनीला टेकवायचा नाही आणि ज्याला द्यायचा त्याचं नाव आधी मोठ्यानं घ्यायचं. एक जण गप्प राहिला की सगळ्यांनी परत एकपासून. तीन आठवडे झाले तरी आमची गाडी चौदाच्या पुढे सरकत नव्हती. मुहर्रम बेक वस्तीतल्या आमच्या क्लबातली पोरं चपळ होती, पण मैदानात उतरली की मुकी व्हायची. दिवसभर मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारअर्जांवर शिक्के मारणारा कारकून. संध्याकाळी मात्र पोरांना खेळ शिकवणारा कॅप्टन वग्दी. आणि कॅप्टनला काहीतरी उपाय सुचावाच लागतो.

मला सुचला. जो नाव न घेता पास देईल, त्याला त्या संध्याकाळपुरतं सगळ्यांनी त्याच्या आईच्या नावानं हाक मारायची.

आमच्याकडे पोरगा बापाचं नाव छाती काढून सांगतो, आईचं मात्र जिवाभावाच्या मित्रालाही कळू देत नाही. शाळेत ते एकदा फुटलं की पोरं वर्षभर त्या नावानं छळतात. मी तरी कुठे वेगळा? माझ्या आईचं नाव माझ्या बायकोला लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं, तेही रेशनकार्डावरून. आई गेली तेव्हा पेपरात 'वग्दीची आई' एवढंच छापून आणलं होतं मी. ते नाव इथे लिहायलाही हात धजत नाही.

उपाय जालीम निघाला. पहिल्याच दिवशी करमला 'अतियात' म्हणून हाका पडल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पोरं बेंबीच्या देठापासून ओरडू लागली. नावं माझ्याकडे होतीच; प्रत्येकाच्या जन्मदाखल्याची प्रत माझ्या फाइलीत असते. मी खूश होतो, खोटं कशाला सांगू? क्लबाच्या सेक्रेटरीनंही पाठ थोपटली.

उरला फक्त शिहाब. पास देण्यात त्याचा हात धरणारं आमच्यात कुणी नव्हतं, पण त्याचं सगळं बोलणं डोळ्यांनीच. त्या संध्याकाळी सोळाव्या पासाला त्यानं सरवतकडे नुसतं पाहिलं आणि बॉल सोडला.

"थांबा!" मी फाइल उघडली.

शिहाब माझ्याजवळ आला. "कॅप्टन, मैदानाला पन्नास फेऱ्या मारतो. हे नको."

"नियम सगळ्यांना सारखा."

"शंभर मारतो, कॅप्टन."

मला तेव्हाच थांबता आलं असतं. पण पोरं माना लांब करून बघत होती आणि त्यांच्यासमोर नमतं घेणं मला कमीपणाचं वाटलं. मी वाचलं, "नबविया."

एकच हशा उसळला. "बाप रे, काय जुनं नाव!" "ए नबविया, इकडे!" "नबविया, बॉल दे गं!" सरवतनं तर दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाळी दिली, "नबवियाऽऽ!"

"आले, आले!"

कपडे बदलायच्या खोल्यांकडून उम्म सय्यद धावत आली. हातात फरशी पुसायचं ओलं फडकं, पायात एकच चप्पल. क्लबाची झाडलोट करणारी ही बाई. थोरला मुलगा सय्यद, म्हणून सगळे तिला उम्म सय्यद, म्हणजे सय्यदची आई, म्हणायचे, दहा वर्षं मीही. तिला स्वतःचं काही नाव असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ती हसत होती. "कोण बोलावतंय मला?"

मग तिला बॉल धरून उभा असलेला शिहाब दिसला. तिचं हसू गेलं.

"उम्म सय्यद, तुमचं नाव नबविया आहे?" करमनं विचारलं.

"माझं? छे रे बाळा." ती फडकं पिळू लागली. "माझ्या बहिणीचं नाव ते. म्हटलं, तीच आली की काय." आणि पाठ फिरवून ती आत गेली.

आता कुणी हसत नव्हतं. शिहाबनं बॉल माझ्या पायाशी ठेवला आणि तो फाटकातून निघून गेला. मी शिट्टी वाजवून सराव संपवला. पोरांच्या नजरेला नजर देववेना.

उम्म सय्यद मागच्या नळावर बादली भरत होती.

"तुम्ही मला आधी सांगायचं होतं," मी म्हणालो. दहा वर्षं तिच्याशी एकेरीत बोललो होतो; 'तुम्ही' ऐकून ती आणखीच अवघडली. आणि माफी मागायला म्हणून गेलेला मी, दोष तिच्याच पदरात टाकून बसलो होतो.

"काय सांगायचं, कॅप्टन? मीच त्याला दम दिला होता, क्लबात मला ओळख दाखवायची नाही म्हणून. संडास धुणारीचा पोरगा म्हटल्यावर त्याला पास कोण देणार?"

"उद्या मी सगळ्यांसमोर त्याची माफी मागतो."

"नको!" तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "दोघा-तिघांना अजून कळलं नसेल, त्यांनाही कळेल. तुमचं मन हलकं होईल हो. त्याचं काय?"

तिनं नळ बंद केला.

"चुकलं माझंच. धावायला नको होतं मी. सय्यदचे वडील गेले त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. ऐकलं आणि पाय आपोआप निघाले बघा."

इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. बादली उचलून द्यायला मी हात पुढे केला, तर ती "असू दे, असू दे" म्हणत घाईघाईनं निघूनच गेली.

दोन दिवसांनी पोरं जमली तेव्हा मी एवढंच सांगितलं, "ती शिक्षा बंद." का, ते कुणी विचारलं नाही. शिहाब आला होता. तिनंच पाठवला असणार. करम तापानं पडला होता, म्हणून पाचवा मी उभा राहिलो.

"सरवत!" शिहाब ओरडला आणि सगळे दचकले. त्याचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकलाच नव्हता. प्रत्येक पासाला तो घसा फाटेस्तोवर नाव घेत होता. पोरंही त्याच्या नावानं तसंच ओरडू लागली. बारा, पंधरा, अठरा. मी महिनाभर ज्यासाठी जीव टाकत होतो ते समोर घडत होतं आणि मला त्याचा आनंद होत नव्हता.

एकोणिसावा पास त्याच्या हातात आला. मोकळा होतो फक्त मी. त्यानं माझ्याकडे सरळ पाहिलं. तोंड उघडलं नाही. बॉल थेट माझ्या छातीशी आला, दोन्ही हातांनी फेकलेला, मी शिकवला होता तसा.

पोरं जागच्या जागी थबकली. सरवतनं हळूच विचारलं, "कॅप्टन, वीस धरायचे का?"

"नाही," मी म्हणालो. "माझ्यामुळे चुकलं. परत एकपासून."

मी वळून बॉल पुढे केला. "शिहाब."

त्यानं तो घेतला. माझ्याकडे पाहिलं नाही.